हांक आणि ओ

लग्नमुंजीची पोथी ज्यांनीं एकदां तरी उघडून पाहिली आहे, त्यांच्या ध्यानांत एक गोष्ट आली असेल. विवाह, उपनयन, वास्तुशांति हे प्रयोग एकमेकांहून अगदीं निराळे; परंतु बहुधा प्रत्येकाच्या आरंभीं गणपतिपूजन, पुण्याहवाचन, मातृकापूजन आणि नांदीश्राद्ध हीं ठरलेलींच असतात. पोथीकार दर ठिकाणीं पुण्याहवाचनाचा सर्व विधि नव्यानें लिहीत बसत नाहीं. येथें पुण्याहवाचन करावें, एवढें सांगून तो पुढें जातो. भटजी तो विधि त्याच्या जागेवरून काढतात, त्यांत यजमानाचें नांव, गोत्र आणि चालू कर्माचें नांव घालतात, विधि पुरा करतात आणि मूळ प्रयोग जेथें थांबला होता तेथून पुन्हां चालू करतात. एका कार्यानें दुसऱ्या सिद्ध कार्यास हांक मारावी, त्यास लागेल तेवढें साहित्य हातीं द्यावें, आणि त्याची ओ आल्यावर आपली वाट पुढें चालावी, असा हा व्यवहार आहे. या महिन्यांत याच व्यवहाराविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे. कारण आज तो पोथींतून निघून संगणकांत शिरला आहे, आणि संगणकांतून आपल्या घरादाराच्या व जमिनीच्या कागदांपर्यंत येऊन पोहोंचला आहे.

आपल्यापैकीं पुष्कळांचीं मुलें व सुना पुण्यास, बंगळुरास किंवा परदेशीं ज्या कचेऱ्यांत काम करितात, तेथें ‘वर्कफ्लो’ हा शब्द नित्याचा झाला आहे. आपण त्यास कार्यप्रवाह म्हणूं. एक काम झालें कीं दुसरें, दुसरें झालें कीं तिसरें, अशी कामांची सांखळी संगणकास एकदां शिकवून ठेवावयाची, म्हणजे ती ठरल्या वेळीं किंवा ठरल्या निमित्तानें आपोआप चालते. अशा अनेक सांखळ्या सांभाळणारीं जीं साधनें आहेत, त्यांना ‘ऑर्केस्ट्रेशन’चीं साधनें म्हणतात. नाटकांतील सूत्रधाराचें काम तीं करतात. २०१४ सालीं एअरबीएनबी या कंपनींत निघालेलें ‘एअरफ्लो’, २०१६ सालीं ॲमेझॉननें पुढें आणलेलें ‘स्टेप फंक्शन्स’, २०१९ सालीं बर्लिन शहरीं सुरू झालेलें ‘एन-एट-एन’ हीं त्यांपैकीं प्रसिद्ध होत. सांखळी लांब झाली कीं ती समजेनाशी होते. म्हणून शहाणा कारागीर तिचे तुकडे पाडतो, प्रत्येक तुकड्यास स्वतंत्र नांव देतो, आणि एका तुकड्याकडून दुसऱ्यास हांक मारवितो. हांक मारणाऱ्यास मूळ प्रवाह म्हणावें, आणि ओ देणाऱ्यास पोटप्रवाह.

ही युक्ति संगणकाच्या जन्माइतकीच जुनी आहे. केंब्रिज येथें १९४९ सालीं ‘एडसॅक’ नांवाचें यंत्र चालू झालें. वारंवार लागणारीं गणितें एकदांच लिहून ठेवावीं व हवीं तेव्हां बोलवावीं, ही रीत तेथें डेव्हिड व्हीलर यानें बसविली. त्यांतील खरी अडचण बोलावण्याची नव्हती. काम झाल्यावर परत कोठें जावयाचें, हें लक्षांत ठेवण्याची होती. जाण्यापूर्वीं परतीची जागा नोंदून ठेवावयाची, हा त्यावर त्यानें काढलेला तोडगा.

संस्कृताचा अभ्यास ज्यांनीं केला आहे, त्यांना यांतील विचार परका वाटूं नये. जैमिनीच्या पूर्वमीमांसेच्या बारा अध्यायांपैकीं सातवा व आठवा अतिदेशाचे आहेत. दर्शपूर्णमास ही प्रकृति. तिचा विधि सांगोपांग सांगितलेला आहे. दुसऱ्या पुष्कळ इष्टि या तिच्या विकृति. त्यांचें जें निराळें असेल तेवढेंच सांगावयाचें, बाकीचें प्रकृतीकडून आणावयाचें. परंतु जसेंच्या तसें आणून भागत नाहीं, म्हणून नवव्या अध्यायांत ऊह येतो: देवता सूर्य असेल तर मंत्रांतील अग्नीच्या नांवाऐवजीं सूर्याचें नांव घालावें. दहाव्यांत बाध येतो: सोन्याच्या कणांचा चरु करावयाचा असेल तर कांडण्याचा विधि गळून पडतो, कारण सोन्याला कोंडा नसतो. अकराव्यांत तंत्र: एकदां केलेलें अंगकर्म अनेक प्रधानकर्मांस पुरतें. बाराव्यांत प्रसंग: एकासाठीं केलेलें दुसऱ्याच्या कामीं अनायासें येतें. यावरून आपल्या पूर्वजांनीं संगणक केला होता, असा अर्थ मात्र कोणीं काढूं नये. सिद्ध विधि दुसऱ्या विधींत कसा बोलवावा, हा प्रश्न त्यांच्यापुढें होता आणि त्यांनीं तो बारकाईनें सोडविला, एवढेंच येथें म्हणावयाचें आहे.

आतां घरच्या गोष्टीकडे वळूं. आमचें वडीगोद्री हें जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यांत, धुळें-सोलापूर महामार्गावर आहे. पैठणचें धरण झालें, कालव्यानें या भागांत पाणी आलें, ऊस आला, महामार्ग रुंद झाला. जमिनीस मोल आलें, आणि मोलाबरोबर कागदाचें महत्त्वही वाढलें. जमीन विकत घेतली म्हणजे दोन कामें व्हावीं लागतात. खरेदीखत नोंदविण्याचें काम दुय्यम निबंधकाचें; तें खातें नोंदणी व मुद्रांक विभागाचें. सातबारावर नांव चढविण्याचें काम तलाठ्याचें, ज्यास २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. तें खातें महसुलाचें. दोन खातीं, दोन दप्तरें, दोन अधिकारी. यांना जोडणारी हांक कायद्यानें पूर्वींच सांगून ठेवली होती. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्या कलम १५४ प्रमाणें दस्त नोंदला गेला कीं नोंदणी अधिकाऱ्यानें त्याची खबर महसूल खात्यास द्यावयाची आहे. परंतु ती हांक कागदावर जात असे, आणि कागद आपल्या सवडीनें चाले.

पुढें नोंदणी खात्याची ‘आय-सरिता’ आणि महसूल खात्याची ‘ई-फेरफार’ या दोन आज्ञावली एकमेकींस जोडण्यांत आल्या. आतां दस्त नोंदला गेला म्हणजे त्याची माहिती संगणकावाटे ई-फेरफाराकडे जाते. तेथें गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही, हींत नोंद धरली जाते. गाव नमुना ९ ची नोटीस संबंधितांस निघते. हरकतीस १५ दिवसांची मुदत असते. हरकत न आल्यास मंडळ अधिकारी नोंद तपासून प्रमाणित करतात आणि मग सातबारावर तिचा अंमल होतो. हरकत आल्यास प्रकरण विवादग्रस्त नोंदवहींत जातें व त्याची सुनावणी होते. म्हणजे नोंदणी हा मूळ प्रवाह, फेरफार हा पोटप्रवाह, आणि दोहोंच्या मध्यें एक हांक. संगणकशास्त्रांत जिची चर्चा चालते, ती हीच वस्तु आपल्या तालुक्याच्या गांवीं नित्य घडत आहे. तेव्हां तिचे गुणदोष तिच्यावरच पारखून पाहूं.

पहिला प्रश्न, हांक मारतांना हातीं काय द्यावें? पोटप्रवाह आंधळा असतो. त्यास जें दिलें तेंच तो खरें मानतो. येथें त्यास द्यावयाचें तें गट क्रमांक, क्षेत्र, लिहून देणार व लिहून घेणार यांचीं नांवें. दस्तांत गट ११८ च्या जागीं १८१ पडला, तर पुढील सारा विधि यथासांग होऊं शकेल, पण भलत्याच जमिनीचा. पुण्याहवाचनांत गोत्र चुकलें तर भटजींस थांबवितां येतें. येथें वेळींच थांबविणारा कोणी भेटेलच असें नाहीं. दस्तांतील चूक दुरुस्तीच्या दस्तानें सुधारावी लागते, अधिकारअभिलेखांतील लेखनप्रमाद संहितेच्या कलम १५५ खालीं. दोन्हींस वेळ जातो आणि पायपीट होते. सही करण्यापूर्वीं गट, क्षेत्र आणि नांवें सातबाराशीं अक्षरशः ताडून पाहण्यास पांच मिनिटें लागतात. तीं पांच मिनिटें कोणीं वांचवूं नयेत.

दुसरा प्रश्न, ओ येईपर्यंत थांबावें कीं पुढें जावें? यावर साधनांचींही एकवाक्यता नाहीं. एन-एट-एनमध्यें पोटप्रवाह संपेपर्यंत थांबण्याची सोय आहे व ती काढूनही टाकतां येते. एअरफ्लोमध्यें थांबावयाचें असेल तर तसें मुद्दाम सांगावें लागतें. न सांगितल्यास तो हांक मारून आपल्या वाटेनें जातो. स्टेप फंक्शन्समध्यें तिसराही प्रकार आहे: समोरच्याच्या हातीं एक खुणेची चिठ्ठी द्यावयाची, आणि ती चिठ्ठी परत येईपर्यंत, प्रसंगीं वर्षभरसुद्धां, प्रवाह थांबवून ठेवावयाचा. जेथें मध्यें माणसाची संमति लागते, तेथें हा प्रकार उपयोगी पडतो.

आपल्या नोंदणीचा प्रवाह थांबत नाहीं. हांक मारून तो पुढें जातो, आणि तें योग्यच आहे. मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा व नोंदणीचा १९०८ चा कायदा यांप्रमाणें नोंदलेल्या खरेदीखतानें मालकी जाते. फेरफाराची नोंद ही महसुलापुरती असून तिनें मालकी उत्पन्न होत नाहीं, असें न्यायालयांनीं वेळोवेळीं सांगितलें आहे. हरकतीचे पंधरा दिवस संपेपर्यंत दस्तच अडवून ठेवला, तर व्यवहार चालणार नाहींत. परंतु न थांबण्याची किंमत असते, आणि ती किंमत खरेदीदार देतो. दस्त हातीं पडला, सूची क्रमांक दोनची प्रत मिळाली, पेढे वांटले गेले. काम झालें असें घरांत सर्वांस वाटतें. वस्तुतः हांक गेली आहे, ओ यावयाची आहे.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. पोटप्रवाह अडला तर तें कोणास कळतें? चांगल्या साधनांत याची निराळी योजना असते. एन-एट-एनमध्यें तर कोठें बिघाड झाल्यास केवळ तें कळविण्यासाठीं एक स्वतंत्र प्रवाह नेमून ठेवतां येतो. आपल्या व्यवहारांत तें काम नोटिशीचें. पण नोटीस जाते कागदावरील पत्त्यावर, आणि घरचीं माणसें असतात नोकरीच्या गांवीं. समजा, नोंद हरकतीमुळें अडली, किंवा कागद अपुरा म्हणून पडून राहिली, आणि कोणास पत्ता नाहीं. तोंपर्यंत सातबारावर जुन्या मालकाचेंच नांव. पीककर्ज नव्या मालकास मिळेना. रस्त्यासाठीं जमीन संपादन व्हावयाची झाली, तर नोटीस निघते ती अभिलेखांत नांव असलेल्याच्या नांवें. जुना मालक सज्जन असेल तर ठीक. नसेल तर तोच सातबारा दाखवून तो कर्जाचा बोजा चढवूं पाहील, किंवा दुसऱ्या एखाद्यास जमीन विकूं पाहील. कायदा पहिल्या खरेदीदाराच्या बाजूस असेल; पण कायद्याची बाजू न्यायालयांत सिद्ध करावी लागते, आणि त्यांत माणसाचीं वर्षें जातात. हें सारें कोणीं फसविल्यामुळेंच होतें असें नाहीं. हांक मारणाऱ्यानें मागें वळून पाहिलें नाहीं, एवढ्यानेंही होतें.

चौथा प्रश्न, एकच हांक दोनदां गेली तर? तारेवरचा संदेश मध्येंच तुटतो. पाठविणाऱ्यास तो पोहोंचला कीं नाहीं हें कळत नाहीं, म्हणून तो पुन्हां पाठवितो. अशा वेळीं पोटप्रवाहानें दोन नोंदी धरतां कामा नये. यासाठीं हांकेबरोबर न बदलणारी खूण जावी लागते: कचेरी, दस्त क्रमांक व वर्ष. त्या खुणेचें काम पूर्वींच झालें असल्यास, झालें आहे, एवढेंच उत्तर यावें. मीमांसकांचें तंत्र निराळ्या कारणासाठीं आहे, परंतु एकदां झालेलें अंग पुन्हां करूं नये, ही शिस्त दोहोंकडे सारखीच.

पांचवा प्रश्न अन्योन्याश्रयाचा. पहिल्यानें दुसऱ्याची वाट पाहावी व दुसऱ्यानें पहिल्याची, म्हणजे दोघेही जागच्या जागीं उभे. जमिनीच्या व्यवहारांत हा दोष ओळखीचा आहे. खरेदीदाराची बँक म्हणते, सातबारावर बोजा नको, मग कर्ज देऊं. विकणारा म्हणतो, पैसे आले म्हणजे बोजा उतरवितों. दोघांचेंही बोलणें रास्त, आणि व्यवहार मात्र जाग्यावर. त्यावर उपाय असा कीं, खरेदीदाराच्या पैशांतून जुनें कर्ज परस्पर त्या बँकेंत भरावें, बँकेचा दाखला घ्यावा, आणि उरलेली रक्कम विकणाऱ्यास द्यावी. संगणकांतही गांठ याच रीतीनें सुटते: दोहोंपैकीं एक अवलंबन काढून तिसऱ्या जागीं न्यावें लागतें.

येथवर जी हांक जाते तिचा विचार झाला. जी हांक जातच नाहीं, तिचें दुःख अधिक आहे. घरांतील कर्ता पुरुष वारला, म्हणजे १९६९ च्या कायद्याप्रमाणें मृत्यूची नोंद होते. तो एक प्रवाह. सातबारावर वारसांचीं नांवें चढणें हा दुसरा प्रवाह. परंतु खरेदीखताप्रमाणें पहिल्यानें दुसऱ्यास हांक मारावी आणि काम चालू व्हावें, असें येथें गृहीत धरून चालत नाहीं. संहितेच्या कलम १४९ प्रमाणें वारशानें हक्क मिळालेल्यानें तीन महिन्यांच्या आंत तलाठ्यास कळवावयाचें आहे. म्हणजे येथें हांक घरच्या माणसांनींच मारावयाची आहे, आणि घर तर त्या वेळीं शोकांत असतें. दिवसकार्य होतें, पाहुणे जातात, मुलें आपापल्या गांवीं परततात, आणि आजोबांचें नांव सातबारावर तसेंच राहतें. मग पुढची पिढीही जाते. मग वारसांची वंशावळ लांबत जाते, एकेक सही मिळविण्यास एकेक वर्ष लागतें. २०२५ सालीं महसूल खात्यास राज्यभर ‘जिवंत सातबारा’ या नांवाची मोहीम काढावी लागली, ती मृतांच्या जागीं वारसांचीं नांवें लावण्यासाठींच. एवढ्यावरून हा रोग किती पसरला होता तें दिसतें.

या ठिकाणीं वाचक भगिनींस एक गोष्ट स्पष्टपणें सांगितली पाहिजे. वारसांच्या अर्जांत पत्नीचें व मुलींचें नांव मुलांच्या बरोबरीनें यावयास हवें. मुलींस वडिलोपार्जित मिळकतींत मुलाप्रमाणें हक्क महाराष्ट्रांत १९९४ च्या दुरुस्तीनें व साऱ्या देशांत २००५ च्या दुरुस्तीनें मिळाला. पोटप्रवाह आंधळा असतो, हें वर सांगितलेंच आहे. अर्जांत ज्यांचीं नांवें नाहींत, त्यांना तो आपण होऊन शोधून काढीलच असें नाहीं. बहिणीला हिस्सा नको असेल तर तें तिनें समजून उमजून, रीतसर हक्कसोडपत्र करून सांगावें; अर्ज लिहितांना तिचें नांव गाळून तिच्या वतीनें दुसऱ्या कोणीं तें ठरवूं नये.

तेव्हां व्यवहारांत काय करावें? खरेदीखत झाल्यावर दस्त क्रमांक टिपून ठेवावा व त्यावरून फेरफार क्रमांक पडला कीं नाहीं तें आठ दिवसांत पाहावें. महाभूमीच्या संकेतस्थळावर ‘आपली चावडी’ म्हणून फलक आहे. त्यावर गांववार फेरफाराच्या नोटिसा पाहावयास मिळतात, आणि त्यासाठीं गांवीं यावें लागत नाहीं. जे पुण्यास किंवा परदेशीं राहतात, त्यांनीं महिन्यांतून एकदां तरी आपल्या गांवाचा फलक पाहावा. आपल्या गटावर कोणी भलतीच नोंद आणीत असेल तर हरकतीच्या मुदतींतच तें कळेल. पंधरा दिवसांनंतर नोंद प्रमाणित झाली का तें विचारावें. शेवटीं सातबारा काढून त्यावर आपलें नांव व क्षेत्र डोळ्यांनीं पाहावें. २०१८ च्या महाराष्ट्रदिनापासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळूं लागला आहे. तेव्हां त्यासाठीं कचेरीची पायरी चढावयास नको. सातबारा हातीं येईल तेव्हांच काम झालें असें म्हणावें आणि पेढे त्या दिवशीं वांटावेत.

यंत्रानें काम शीघ्र होतें यांत शंका नाहीं. पूर्वीं जी हांक कागदावर रखडत जाई, ती आतां क्षणांत जाते, आणि त्याबद्दल ज्यांनीं ही जोडणी केली त्यांचे आभारच मानले पाहिजेत. परंतु यंत्र हांक मारील. ओ आली का, हें पाहण्याचें काम ज्याचें कार्य असेल त्याच्याकडेच राहतें. पुण्याहवाचन पुरें झालें कीं नाहीं याकडे यजमानाचें लक्ष असतें, कारण पुढचें कार्य त्याच्या घरचें असतें. जमीनही आपल्या घरचीच आहे.

असो. स्थलसंकोचामुळें येथेंच थांबतों.